रात्र कोणाची, ते आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात लिहिते. आई ७२ वर्षांची, साताऱ्याला असते, पाच आठवड्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं पण समजतंय सगळं, आता दवाखान्यातून घरी आणलंय. घरात ३८ वर्षांचा धाकटा भाऊ आहे, डाऊन सिंड्रोमचा, म्हणजे जन्मापासूनच बौद्धिक दिव्यांग, आणि आजवर त्याचं सगळं आईच बघायची. वडील झेडपीचे शिक्षक होते, ते आता नाहीत, त्यांची फॅमिली पेन्शन आईला येते. तुम्ही पुण्यात नोकरीला, सध्या अप-डाऊन चाललंय. दादा बंगलोरला, तो म्हणतो दोघांना चांगल्या होममध्ये, म्हणजे राहून सांभाळ करणाऱ्या संस्थेत ठेवू, पैसे मी देतो. आणि तुम्हाला कळत नाहीये की होम, की ब्युरोची बाई (पेशंट सांभाळायला माणसं पुरवणारी एजन्सी असते ना, तिची), की दोघांना पुण्याला आणायचं, की सरळ नोकरी सोडायची.

मी आधी ९ वर्षं न्यूरो वॉर्डला सिस्टर होते आणि गेली १४ वर्षं घरोघरी जाऊन अशाच पेशंटचं बघते, म्हणजे सुटी झाल्यावर घरात जे काय होतं ते. त्या अनुभवावरून सांगते, होम की घर हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. आधी एक वही घ्या आणि त्यात रात्री १० ते सकाळी ६ हे आठ तास लिहा, सोमवार ते रविवार, आणि समोर नावं लिहा की या रात्री आईला कूस कोण बदलणार आणि भाऊ उठला तर त्याच्याकडे कोण बघणार. दिवसाचं कसंही जमतं हो, शेजारच्या काकू येतात, सांभाळायला ठेवलेली मावशी असते, फिजिओ येऊन जातो. घरं मोडतात ती रात्रीमुळे. सलग तीन आठवडे झोप नाही झाली की चांगली शिकलेली, प्रेमळ मुलगी आईवर ओरडायला लागते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता पहिल्या भेटीत पेशंटचं बीपी घ्यायच्या आधी मी विचारते, रात्री कोण असतं?

तुमच्या वहीत सात रात्रींपैकी पाचला तुमचंच नाव आलं तर तो प्लॅन नाहीये, तो तुमच्या आजारपणाचा मुहूर्त आहे.

आता ब्युरो. "२४ तासांची मावशी" हा शब्दच फसवा आहे. ती बाई रात्री झोपते, आणि झोपायलाच पाहिजे, दिवसभर ७२ वर्षांच्या बाईला उचलून बसवणारी बाई रात्री दर दोन तासांनी उठेल अशी अपेक्षा धरली तर दहाव्या दिवशी ती गावाला जाते ती परत येत नाही. म्हणून परवडत असेल तर १२-१२ तासांच्या दोन बायका, नाहीतर २४ तासांची एक आणि रात्रीची एक फेरी घरच्या माणसाची, असं उघड बोलून ठरवा. पुण्यात २४ तासांच्या मावशीचे महिन्याला साधारण २५ ते ३५ हजार जातात, जेवणखाण वेगळं, साताऱ्यात थोडं कमी पडेल. ब्युरोकडून लिहून घ्या की बाई सुट्टीवर गेली तर बदली किती तासांत येणार, कमिशन एकदाच की दर महिन्याला, आणि बाईच्या हातात नक्की किती पडतात. हे शेवटचं विचारलं की ब्युरोवाल्यांना आवडत नाही पण विचाराच, कारण तुम्ही ३० देता आणि तिला १६ मिळतात असं असेल तर ती टिकणार नाही हे आजच समजून घ्या. दुसरं, मावशी आणि सिस्टर यात फरक आहे. अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं, चालवणं हे मावशीचं. लघवीची नळी बदलणं, नाकातली नळी घालणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग हे शिकलेल्या सिस्टरचंच. एका घरी ब्युरोने "नर्स" म्हणून पाठवलेल्या मुलीने कॅथेटर, म्हणजे ती लघवीची नळी, ओढून काढला होता, आतला फुगा न सोडता. आजोबांना रक्त यायला लागलं, मला रात्री ११ ला फोन आला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, सर्टिफिकेट बघा आणि पहिल्या दिवशी समोर उभं राहून काम करून घ्या.

साताऱ्यासारख्या ठिकाणी मला खरंतर ब्युरोपेक्षा वस्तीतलीच एखादी चाळिशी-पंचेचाळिशीची बाई जास्त बरी वाटते. आशाताईंना, म्हणजे वस्तीत फिरणाऱ्या सरकारी आरोग्य सेविकांना विचारा, त्यांना कोणाच्या घरी काय चाललंय सगळं माहीत असतं. चार दिवस स्वतः बरोबर राहून शिकवा, पगार वेळेवर द्या, आठवड्याची सुट्टी द्या आणि आधार कार्डची झेरॉक्स, पोलीस व्हेरिफिकेशन हे सगळं तरीही करा. दागिने घरातून हलवा, संशय म्हणून नाही, उद्या काही सापडलं नाही तर त्या बाईचंही नाव खराब होत नाही.

काय शिकवायचं ते सांगते. कूस दर दोन तासांनी, पूर्ण ९० अंशात नाही तर तिरकी, पाठीमागे उशी लावून. माकडहाड, टाचा, कुल्ल्याची हाडं रोज अंघोळीच्या वेळी बघायची. लाल दिसलं तर बोटाने दाबा, पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिलं तर आतून जखम सुरू झालीये, त्या बाजूवर मग झोपवायचंच नाही. तिथे पावडर चोळू नका, स्पिरिट लावू नका, मालिश तर अजिबात नको. आणि ती मधे भोक असलेली गोल हवेची रिंग मिळते ना, ती आणू नका, तिच्या कडेने उलट रक्त थांबतं. एअर बेड जरूर घ्या पण एअर बेड घेतला म्हणून कूस बदलायची नाही असं नसतं, हा गैरसमज मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. टाचेखाली नाही, पोटरीखाली उशी ठेवा, टाच हवेत राहिली पाहिजे. उजव्या हाताला धरून ओढून उठवायचं नाही, लुळ्या हाताचा खांदा निखळतो आणि मग त्या दुखण्यामुळे फिजिओच बंद पडतो. खाली जुनी चादर चौघडी करून आडवी घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून सरकवा, माणसाला उचलू नका, चादर उचला.

कॉट कमरेच्या उंचीची पाहिजे. घरातला दिवाण खालीच असतो, त्याच्यावर वाकून वाकून तुमची आणि मावशीची कंबर जाणार आणि मग तीन पेशंट होतील घरात. हॉस्पिटलची कॉट विकत घेऊ नका. रोटरीवाले, ज्येष्ठ नागरिक संघ, कधीकधी गणेश मंडळंसुद्धा डिपॉझिटवर रुग्णोपयोगी साहित्य देतात, कॉट, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर. साताऱ्यात चार फोन केले तर मिळेल.

भरवताना पूर्ण ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, घास डाव्या गालात, म्हणजे चांगल्या बाजूला. पाणी सगळ्यात धोक्याचं, पातळ असतं म्हणून ते चटकन श्वासनळीत जातं. ठसका लागत असेल तर दाट करून द्या, पेज, नाचणीची आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी हे गिळलं जातं नीट. खाऊन झाल्यावर तोंडात बोट फिरवून बघा, उजव्या गालात घास साठून राहतो आणि तिला कळत नाही. अर्धा तास आडवं करायचं नाही. ठसका कमी झाला पण ताप आणि घरघर सुरू झाली तर थांबू नका, दवाखाना.

आणि एक, आईशी मोठ्याने बोलू नका. लोक बोलणं गेलेल्या माणसाशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडतात. तिला ऐकू येतंय, कळतंय, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. हो-नाहीचे प्रश्न विचारा, पुठ्ठ्यावर पाणी, संडास, दुखतंय, मुलगा अशी चित्रं चिकटवा आणि बोट दाखवू द्या.

आता भाऊ, आणि इथे मला जरा जास्त लिहायचंय कारण तुमच्या पूर्ण प्रश्नात त्याच्यावर दोनच ओळी आहेत. रागावू नका पण सगळ्यांचंच असं होतं, आजारी माणसाकडे लक्ष जातं आणि जो आधीपासून "तसाच" आहे तो तसाच राहील असं गृहीत धरलं जातं. तो तसा राहणार नाहीये. ३८ वर्षं त्याचा दिवस ज्या बाईभोवती फिरत होता ती एका सकाळी कॉटवर गेली, बोलेनाशी झाली, आणि बहुतेक त्याला कोणी नीट सांगितलंही नसेल. सांगा. साध्या शब्दांत, आईच्या कॉटशेजारी बसून, आईचा हात त्याच्या हातात देऊन. आणि त्याला काम द्या, रोजचं, ठरलेलं. एका घरी असाच एक मुलगा, म्हणजे वय ४४, पण आई त्याला बाळच म्हणायची, त्याला आम्ही कूस बदलायच्या वेळेची घंटी दिली होती. मोबाईलचा अलार्म वाजला की तो स्टीलच्या ताटावर चमचा वाजवायचा. पूर्ण आळीला कळायचं की आजींची कूस बदलायची वेळ झाली. मावशी वैतागायची पण दोन वर्षांत त्या आजींना एक बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, नाही झाला.

त्याच्या तब्येतीचं म्हणाल तर थायरॉईडची तपासणी शेवटची कधी झाली ते बघा. डाऊनमध्ये थायरॉईड फार कॉमन आहे आणि दरवर्षी बघायला पाहिजे. मोतीबिंदू लवकर येतो, कानात मळ साठून ऐकू कमी येतं, आणि चाळिशीनंतर अल्झायमर आपल्यापेक्षा खूप लवकर सुरू होऊ शकतो. त्यामुळे तो गप्प झाला, जेवत नाही, घातलेले कपडे परत घालतो, तर "आईचं दुःख झालंय" म्हणून सोडून देऊ नका. दुःख असेलही, पण आधी रक्त, कान, डोळे तपासा.

आणि आईच्या डोक्यातली वही कागदावर उतरवा. त्याला कशाची भीती वाटते, चहा कुठल्या कपात लागतो, दाढी कोण करतं, अंघोळीला कुठून सुरुवात करतो. आईला हो-नाही विचारून विचारून भरा. ही वही उद्या कुठल्याही मावशीला, कुठल्याही होमला द्यायला लागणार आहे आणि ती फक्त आईच लिहून देऊ शकते.

यावरूनच कागदपत्रांवर येते. आईला समजतंय हे आत्ता तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, दुसरा झटका आला तर ते जाऊ शकतं, त्यामुळे हे काम पुढच्या महिना-दीड महिन्यात करा. बऱ्याच जणांना वाटतं १८ नंतरही आईवडील आपोआप पालक असतात. नसतात. डाऊन हे बौद्धिक दिव्यांगत्वात येतं, म्हणजे १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा त्याला लागू आहे, आणि त्याच्यासाठी कायदेशीर पालक जिल्ह्याची लोकल लेव्हल कमिटी नेमते, कलेक्टर तिचे प्रमुख असतात. अर्ज आई करू शकते, नातेवाईकही करू शकतात, पण आईच्या अंगठ्याने तुमचं किंवा दादाचं नाव सुचवलेलं असलं की पुढे घरात वाद होत नाही. पालक झालात की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, हे माहीत असू द्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर आधी ते, सिव्हिल हॉस्पिटलला तपासणीचा डॉक्टरांचा बोर्ड बसतो त्या दिवशी. त्याच्याबरोबर निरामय आरोग्य विमा, एक लाखाचं कव्हर, वर्षाला काही शे रुपयांत होतो आणि आधीपासून डाऊन आहे म्हणून नाकारत नाहीत.

पेन्शनचं तर कोणीच सांगत नाही. वडील जिल्हा परिषदेचे म्हणजे आईनंतर त्या मुलाला, तो स्वतः कमवू शकत नाही असं सिव्हिल सर्जनकडून सर्टिफिकेट असेल तर, फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते. पण त्याचं नाव आणि सर्टिफिकेट आई असतानाच रेकॉर्डला लावून घ्या, नंतर लावायला गेलात तर पंचायत समिती, जिल्हा परिषद, कोषागार असे हेलपाटे होतात. मी एक कुटुंब पाहिलंय, बहिणीने तीन वर्षं घातली त्यात. आईचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाईलवर चेहरा दाखवून घरूनच होतो. सही जमत नसेल तर बँकेत अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस, आणि ७० च्या पुढच्यांना घरपोच बँकिंग द्यायला रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, मॅनेजर "तसं काही नसतं" म्हणाला तरी ठाम राहा.

पॉवर ऑफ ॲटर्नीवर, म्हणजे आईच्या वतीने व्यवहार करायच्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. लोक घाईघाईने करून ठेवतात आणि वाटतं काम झालं, पण देणाऱ्याची समज गेली की ती कायद्याने संपते, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच ती बाद. मृत्युपत्र करा, अंगठ्याने होतं, दोन साक्षीदार, त्याच दिवशीचं डॉक्टरांचं पत्र की आईला समजतंय. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण करा, आजारी माणसासाठी सब-रजिस्ट्रार घरी येऊ शकतात.

आणि घर तुमच्या किंवा दादाच्या नावावर बक्षीसपत्र करू नका, भावाला सांभाळायच्या तोंडी बोलीवर. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर ज्येष्ठांना परत मागता येते, पण तो बचाव आईसाठी आहे, भावासाठी नाही. तुम्ही दोघंही चांगले आहात हो. पण पंधरा वर्षांनी घरात सुना, जावई, कर्ज, काय काय असतं. वकिलाला विचारून भावासाठी छोटा ट्रस्ट करता येतो का बघा. बाकी पैशाचं, मेडिक्लेम घरच्या मावशीचे पैसे देत नाही. ७० च्या पुढच्यांचं सरकारी आयुष्मान योजनेचं पाच लाखाचं कार्ड काढून ठेवा, तेही ॲडमिट झाल्यावरच कामाला येतं, पण आईला परत ॲडमिट व्हायला लागू शकतं. आणि भावाचा खर्च तुम्ही करत असाल तर जुन्या टॅक्स रिजीममध्ये त्यासाठी ७५ हजार वजावट मिळते, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाख, सीएला विचारा.

होमबद्दल. दादा चुकीचं बोलतोय असं मी म्हणणार नाही. होममध्ये ठेवलं म्हणजे टाकलं हे जे आपल्याकडे बोलतात त्यात काही अर्थ नाही, मी अशी घरं पाहिलीयेत जिथे "घरीच सांभाळतो" म्हणून अभिमानाने सांगतात आणि आत आजोबांच्या पाठीला हाताचा पंजा जाईल एवढी जखम. पण दोघांना एका होममध्ये घेणारी जागा मिळणं अवघड आहे, वृद्धांचं केअर सेंटर डाऊनच्या मुलाला घेत नाही, त्याच्यासारख्यांची राहायची कार्यशाळा आईला घेत नाही, आणि दोघांना वेगळं करणं आत्ता दोघांनाही झेपणार नाही. तरी बघून ठेवा. न सांगता जा, रविवारी दुपारी ४ ला. आत शिरल्यावर वास कसला येतो, नखं कापलेली आहेत का, टीव्हीसमोर बांधून बसवलेलं कोणी आहे का, आणि मॅनेजरला एकच विचारा, रात्री २ वाजता किती जण जागे असतात. "सीसीटीव्ही आहे ना" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. जागा आवडली तर भावाला आधी आठ-पंधरा दिवस ठेवून बघा, तुम्ही बऱ्या असताना. अडचण आल्यावर पहिल्यांदा नेलं तर त्याला वाटतं आईसारखं आता हेही गेलं.

पुण्याला आत्ता आणू नका. तिसऱ्या मजल्यावरचा टू-बीएचके, लिफ्ट बंद पडते असं तुम्हीच लिहिलंय, आणि भावाला साताऱ्यात वाणी ओळखतो, देवळातले लोक ओळखतात, तो एकटा दूध आणतो. पुण्यात तो एका खोलीत बंद होईल.

दादाकडून पैसे घ्या पण पैशावर सोडू नका. त्याला महिन्यातल्या चार रात्री मागा, लागोपाठ, गुरुवार ते रविवार, वर्क फ्रॉम होम करून. तो म्हणेल मला डायपर जमणार नाही. सगळ्यांना जमतं, तिसऱ्या दिवशी जमतं. आणि चार रात्री काढल्यावर होमबद्दल तो जे बोलेल ते जास्त खरं असेल, कदाचित तुमच्यापेक्षाही.

नोकरी सोडू नका. सहा आठवडे रजा मिळत असेल तर ती आत्ता घ्या, नंतरसाठी राखू नका, कारण झटक्यानंतर सुधारणा जास्त करून पहिल्या तीन महिन्यांत होते आणि त्यातला सव्वा महिना गेलाय. रोज फिजिओ, आठवड्यातून दोनदा तरी स्पीच थेरपी, साताऱ्यात नसेल तर व्हिडिओ कॉलवर. त्या सहा आठवड्यांत मावशी शिकवून तयार, कलेक्टर ऑफिसचा अर्ज आणि पेन्शनचे कागद आत गेलेले. वहीतल्या रात्री भरल्या की फोटो काढून इथेच टाका, नावं झाकून, मी बघते कुठे भोक राहिलंय ते.